वाळत घातलेली गोधडी

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं अनंतराव हुलवान स्वतःला सांगत असत. खरं म्हणजे राहून गेलं नव्हतं. त्यांनी ते ठेवून दिलं होतं, कपाटात, प्रकाशशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांच्या मागे, जिथे धूळ पुसायलाही कोणी हात घालत नसे.

पत्र तसं साधं होतं. गावातल्या महिला आधार केंद्राच्या वनिता सरोदे नावाच्या बाईंनी लिहिलेलं. ‘सर, खूणदिवा आपण बनवला असं कळलं. माझ्याकडे एक बाई येते. तिच्या अंगावरून दिवा फिरवला तर काही उमटत नाही. पण इतकी वर्षं हे काम केल्यावर बाईच्या बसण्यावरूनच मला कळतं. दिव्याला काय दिसत नाही, ते आपण सहीनिशी लिहून द्याल का?’ बस्स, एवढंच.

उत्तराला त्यांनी तीन-चारदा सुरुवात केली. दर वेळी पहिल्या वाक्यात ‘बहुधा’ आलं, दुसऱ्यात ‘कदाचित’, आणि तिसऱ्यापाशी त्यांना वाटलं, हे सांगणारे आपण कोण? आपण तर कधीच निवृत्त झालो. नव्या मुलांनी दिव्यात काय सुधारणा केल्या असतील, कुणास ठाऊक. चारचौघांत बोलायची वेळ आली की ते दुसऱ्या कुणाला तरी पुढे करत. उमेदीच्या काळात शिकवायचे तेसुद्धा फळ्याकडे तोंड करून. कागद फाडून त्यांनी टोपलीत टाकला. तेव्हा येरळेला गढूळ पाणी होतं. आता शिमगा तोंडावर आला, नदी आटून वाळू झाली, आणि पत्र होतं तिथेच होतं.

खूणदिव्याची कल्पना अवघड नव्हती. मार लागला की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, रक्त सांडतं, काळंनिळं पडतं. पंधरवड्यात तो रंग विरतो आणि त्याच्याबरोबर पुरावाही विरतो, असं जग धरून चाललं होतं. पण रक्तातलं लोह इतक्या लवकर जात नाही. शरीर ते उचलून पेशींमध्ये दडवतं आणि कित्येक महिने ते तिथेच पडून राहतं. अनंतरावांनी केलं ते एवढंच, की त्या जागी डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाचा एक सूक्ष्म ठोका द्यायचा. लोहाचा कण तो प्रकाश पितो, क्षणभर तापतो, तापला की फुगतो आणि फुगताना बारीकसा आवाज करतो. माणसाच्या कानाला तो येत नाही, यंत्राला येतो. म्हणजे नाव दिवा असलं, तरी तो खरा कानच. कातडी जुना मार सांगायची आणि दिवा ऐकायचा. लोह कितपत मुरलंय यावरून मार केव्हाचा, तेही कळे.

पहिल्या काही वर्षांत या दिव्यानं चमत्कार केला. ‘जिन्यावरून पडली’ हे वाक्य कोर्टांतून हद्दपार झालं. कोरी करकरीत पाठ पडद्यावर आली की तिच्यावर पट्ट्याचे वळ उमटत, आणि मान खाली घालून बसलेली बाई पहिल्यांदा मान वर करून बघे. वर्षानुवर्षं रखडणारे खटले आठवड्याभरात निघू लागले. मग कायदाही दिव्याच्या मागोमाग चालू लागला. अर्ज आला की खूणदिवा. खूण निघाली की त्याच दिवशी संरक्षण. अहवालात ‘नितळ’ असा शब्द आला, की अर्ज निकाली, निवाऱ्यातली खोली रिकामी आणि लेकरू असलं तर ते बापाच्या घरी परत. संरक्षण समितीला विचार करायचं कामच उरलं नाही. बाईचं म्हणणं ऐकताना तिला बसवायची एक खुर्ची असे. तिच्यावर हळूहळू फायली साचल्या.

अनंतरावांना हे सगळं ऐकून माहीत होतं. आपल्या घराशी त्याचा काही संबंध असेल, असं मात्र त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मग एका सकाळी त्यांची सून शर्वरी सहा वर्षांच्या ओवीला शाळेत सोडायला म्हणून निघाली आणि दोघीही परतल्या नाहीत. संध्याकाळी केंद्राकडून निरोप आला, दोघी निवाऱ्यात आहेत आणि सुखरूप आहेत.

पुढच्या रविवारी दुपारी निहारनं, त्यांच्या मुलानं, जेवताना विषय काढला. ताट त्यानंच वाढलं होतं. निहार घरकामाला कधी कमीपणा मानत नसे. आळीतल्या बायका आपल्या नवऱ्यांना त्याचा दाखला देत.

‘अहवाल आला, अण्णा. नितळ. अंगावर एक ठिपका नाही.’

अनंतरावांनी आमटीत भाकरी कुस्करली आणि तशीच ठेवली.

‘परवाच्या नव्हे, पुढच्या मंगळवारी समिती बसतेय. दहा मिनिटांचं काम. तुम्ही फक्त माझ्या शेजारी बसा.’

‘मी कशाला रे?’

‘कशाला म्हणजे? दिवा कुणाचा? तुम्ही नुसते दिसलात तरी पुरे. बोलायचं काही नाही. नाहीतरी न बोलण्यात तुमचा हात कोण धरणार?’ तो हसला. ‘ओवीची खोली आवरून ठेवलीय. मंगळवारी जेवायला ती इथे असेल.’

ओवीचं नाव निघाल्यावर अनंतरावांची नजर तिच्या रिकाम्या खुर्चीकडे गेली. पत्नी प्रमिलाबाई गेल्यापासून त्यांच्याशी तासभर बोलत बसणारं जगात ते एकच माणूस होतं.

‘पण शर्वरी असं का म्हणत असेल?’ त्यांनी ताटाकडे बघत विचारलं.

‘ते तिला विचारा. का दिवा खोटं बोलतो? तसं असेल तर सांगा, आत्ताच सांगा.’

अनंतरावांनी मान हलवली. ती ‘नाही’ म्हणून होती की ‘सांगता येत नाही’ म्हणून, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

जेवण झाल्यावर ते आपल्या खोलीसमोरच्या गॅलरीत उभे राहिले. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. कठडा मोकळा होता. एरवी दर दोन-चार दिवसांनी त्या कठड्यावर गोधडी वाळत पडलेली असे. प्रमिलाबाईंनी आपल्या जुन्या नऊवारींची शिवलेली, चांगली जाड, चौघडी गोधडी. शर्वरी ती सारखी धुवायची. थंडीत, पावसात, कधीही. एकदा त्यांनी म्हटलंही होतं, ‘इतकी धुतलीस तर टाके निघतील गं तिचे.’ ती पिळता पिळता म्हणाली होती, ‘निघू देत, अण्णा.’

शर्वरी गेल्यापासून गोधडी एकदाही धुतली गेली नव्हती.

अनंतरावांनी कठडा धरला. एक जुनी दुपार त्यांच्यासमोर जशीच्या तशी उभी राहिली. निहार तेव्हा कॉलेजात होता. बापलेकांत बोलणं असं नव्हतंच. त्या दिवशी मात्र त्यानं जेवताना दिव्याबद्दल विचारलं होतं, आणि अनंतराव हरखून गेले होते. त्यांनी टोपलीतला चिकू उचलला होता. ‘हे बघ, बोटानं दाबला की डाग पडतो. आता हाच टॉवेलात गुंडाळून तळहातानं दाब. डाग नाही. रक्तवाहिनी फुटलीच नाही, तर दिवा ऐकणार काय?’

‘कितीही जोर लावला तरी?’ निहारनं विचारलं होतं.

आणि पोरानं इतक्या वर्षांनी प्रश्न विचारला या आनंदात त्यांनी सगळं समजावून सांगितलं होतं.

*

केंद्र जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत होतं. भिंतीवरचं गाईचं चित्र कोणी पुसलं नव्हतं. सोमवारी सकाळी अनंतराव तिथे पोचले, तेव्हा बाकावर बसलेल्या बायकांनी पदर सावरून त्यांना जागा करून दिली. त्या जागेवर बसायचं की नाही, हे न कळून ते उभेच राहिले.

टेबलामागे एक ठेंगणी, भक्कम बाई फोनवर कुणाला तरी झापत होती. ‘न्हाई, चादरी पाठवू नका. चादरी हायत रगड. कुलपं पाठवा, आतनं लागणारी.’ फोन ठेवून तिनं विचारलं, ‘बोला बाबा. कुणाचं काम हाय?’

‘मी अनंत हुलवान.’

तिनं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. ‘पत्राचं उत्तर हातानं आणलंय व्हय? बरं केलंत, पोस्टाचा खर्च वाचला.’

बाकावरची एक बाई फिस्सकन हसली. अनंतरावांचे कान तापले.

‘उत्तर आणलं नाही,’ ते म्हणाले. ‘माझी सून इथे...’

‘हाय. मागच्या अंगणात.’ वनिताताईंचा आवाज उतरला. ‘सर, बसा आधी. तुमचा पत्ता मला कुणी दिला, ठाव हाय?’

अनंतराव बाकाच्या कडेवर बसले.

‘पत्रातली बाई तीच. मी म्हटलं, सासरा तुझा, तूच विचार की घरी. तर म्हणाली, माझं नाव घालू नका. नाव कळलं की अण्णा निहारचे वडील होतील. नाव नसलं तर ते खरं सांगतील.’ त्यांनी टेबलावरचा पेला अनंतरावांकडे सरकवला. ‘आली की विचारायची. आलं का उत्तर? मग एक दिवस विचारायची थांबली.’

अनंतराव पेल्याला हात न लावता उठले आणि मागच्या अंगणाकडे निघाले.

अंगणात जनावरांना आवळून उभं करायचा लोखंडी खोडा अजून रोवलेला होता. ओवी त्याच्या दांड्याला लोंबकळत होती. ‘आजोबा! इथे बैलाला इंजेक्शन द्यायचे. आता मीच बैल!’ ती ओरडली आणि पुन्हा उलटी झाली.

शर्वरी पायरीवर मेथी निवडत होती. ती उठली नाही.

‘न्यायला आला असाल तर...’

‘नाही.’ अनंतराव पायरीपाशी आले. त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला. ‘गोधडी.’

तिचे हात थांबले. ओवी ऐकत नाही ना, हे तिनं आधी पाहिलं. मग खालच्या आवाजात बोलू लागली, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल. ‘तिच्यात मला गुंडाळायचे आणि वर बसायचे. ओरडायला हवा लागते ना, अण्णा. ती नसायची. शेवटी उलटी व्हायची. मग म्हणायचे, धुऊन टाक, आईची आठवण आहे.’

‘मला... मला आत्ता कळलं.’

‘आत्ता?’ पहिल्यांदाच तिनं वर पाहिलं. ‘घराच्या मागच्या अंगणात ऊन जास्त असतं. तरी मी ती तुमच्या खोलीसमोर आणून वाळत घालायचे. वाटायचं, अण्णा एवढं वाचत असतात, कधीतरी हेही वाचतील.’

तिनं पुन्हा मेथी हातात घेतली.

परत टेबलापाशी येऊन अनंतराव म्हणाले, ‘मी लिहून देतो. पण मोजल्याशिवाय मला लिहिता येणार नाही.’

‘मोजायला आता काय उरलंय?’

‘न मोजता लिहिलं तर मी “बहुधा” लिहीन. माझा स्वभाव आहे तो. आणि समिती त्या एका शब्दावर कागद बाजूला ठेवेल.’

वनिताताईंनी कपाळावर हात मारला. ‘माझं काय तुमच्या दिव्याशी वैर न्हाई, सर. त्यानं माझ्या कितीतरी पोरी वाचवल्यात. त्यो मोडला तर वळ असलेल्या बायकांचं पण कोण ऐकणार न्हाई. मला एवढंच पायजे, त्या खुर्चीवरच्या फायली उचला आणि बाईला बसवा. काय मोजायचं ते मोजा. पण पुढच्या मंगळवारच्या आत शिक्का पडलेला लिफाफा माझ्या हातात पायजे.’

शिक्क्याचं कारण असं, की पडद्यावरचं अक्षर, आवाज, चेहरा, सगळंच आता कुणालाही बनवता येत होतं. म्हणून शाईची सही आणि पोस्टाचा शिक्का यांना पुन्हा किंमत आली होती. समितीपुढे न उघडलेला, शिक्क्याचा लिफाफाच चाले.

*

दुसऱ्या दिवशी निहार कामावर गेल्यावर अनंतरावांनी दार लावून घेतलं. निहारच्या बिछान्यातून गोधडी काढली. तिच्या एका कोपऱ्यात प्रमिलाबाईंच्या लग्नातल्या शालूचा काठ होता. तो त्यांनी हातानं सारखा केला, आणि मग ते कपाटापाशी जमिनीवर आडवे झाले. गोधडी छातीवर घेतली आणि खालच्या कप्प्यातले ग्रंथ एकेक करून तिच्यावर चढवू लागले.

सुरुवातीला नुसतं जड वाटलं. मग श्वास आखूड झाला. एक ग्रंथ हातातून निसटून कोपरावर आपटला. आणखी दोन चढवले, आणि आत येणारा श्वास वाटेतच थांबला. दुखत काहीच नव्हतं. दुखलं असतं तर बरं, असं त्यांना वाटलं. कानांत समुद्रासारखा आवाज भरला, आढ्याचा रंग उडाला, आणि ज्या माणसानं आयुष्यभर आवाज चढवला नव्हता, त्याला जिवाच्या आकांतानं ओरडावंसं वाटलं. ओरडायला हवा लागते. ती नव्हती.

त्यांनी सगळा ढीग ढकलून दिला. कुशीवर वळताच उलटी झाली, ती गोधडीवरच.

बऱ्याच वेळानं उठून त्यांनी वही घेतली, ग्रंथांचं एकूण वजन टिपलं आणि खाली लिहिलं : ‘प्रयोगातला मोठा दोष – प्रयोग करणाऱ्याला वजन हवं तेव्हा ढकलता येत होतं.’

मग त्यांनी गोधडी न्हाणीघरात नेली. असा जड कपडा त्यांनी उभ्या आयुष्यात धुतला नव्हता. भिजलेली गोधडी त्यांना उचलेना. ओढत, फरपटत त्यांनी ती गॅलरीत आणली आणि कठड्यावर घातली.

संध्याकाळी, ऊन असतानाच निहार आला. फाटकातून आत येताना त्यानं वर पाहिलं आणि तिथेच थांबला. गोधडीतून अजून पाणी ठिबकत होतं. वर यायला त्याला बराच वेळ लागला.

‘ही कुणी धुतली?’

‘मी.’

‘का?’

‘खराब झाली होती.’

निहार खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून अनंतराव वाट पाहत होते. आलं ते रडू. लहानपणी यायचं तसंच, ओठ मुडपून. त्यानं ते अधिकच अवघड झालं.

‘अण्णा, मी बदलेन. खरंच. पण ओवी? ती तिकडे गेली तर तुम्हाला भेटेल का कधी? तुम्ही राहाल तिच्याशिवाय?’

‘नाही राहता येणार,’ अनंतराव म्हणाले.

‘मग?’

निहारनं डोळे पुसले, आणि त्याचा आवाज पुसल्यासारखाच कोरडा झाला. ‘चिकूचं तुम्हीच सांगितलं होतंत. जेवणाच्या टेबलावर. तेही लिहिणार का?’

‘हो. तेही लिहिणार आहे.’

शुक्रवारी केंद्रातल्या परिचारिकेनं त्यांना सदरा काढून बसायला सांगितलं. अनंतराव लाजून अर्धमेले झाले. आपलाच दिवा आपल्या अंगावर त्यांनी कधी घेतला नव्हता. तो गार होता. परिचारिकेनं तो छातीवरून फिरवला, बरगड्यांवरून फिरवला. दिवा मुका. कोपराजवळ ग्रंथाचा कोपरा लागला होता तिथे आल्याबरोबर मात्र टिकटिक सुरू झाली. म्हणजे दिव्याला ऐकू येत होतं. दिवा शाबूत होता.

‘कोपरावर बारीक खूण. छाती नितळ,’ परिचारिकेनं वाचून दाखवलं.

दारात उभ्या असलेल्या शर्वरीनं ते ऐकलं. ती आत आली, खुंटीवरचा त्यांचा सदरा काढून तिनं त्यांच्या हातात दिला, आणि गेली.

पत्र त्यांनी तिथेच, गाईच्या चित्राखाली बसून लिहिलं. ‘पत्रास उत्तर देण्यास उशीर झाला, तो माझ्या भित्रेपणामुळे. खूणदिवा जे दाखवतो ते खरं असतं. पण जिथे रक्त सांडलेलं नाही, तिथे त्याला काहीही कळत नाही. श्वास कोंडला, उपाशी ठेवलं, धाक घातला, मनाविरुद्ध अंगाला हात लावला, यातलं काहीही त्याला ऐकू येत नाही. सोबत मोजमापं आहेत. दिव्यानं नितळ म्हटलं, तर बाईला बसवून तिचं ऐकावं. त्यासाठी दुसरं यंत्र नाही.’ मग त्यांनी चिकूची दुपार लिहिली. गोधडी लिहिली. ‘सदर स्त्री माझी सून आहे. ते करणारा माझा मुलगा आहे.’ संपूर्ण पत्र त्यांनी दोनदा वाचलं. ‘बहुधा’ कुठेही नव्हतं. त्याचीच त्यांना भीती वाटली.

*

शनिवारी सकाळी ते चपला घालत होते, तेव्हा निहार स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. ‘ते पोस्टात पडलं, तर या घरात परत येऊ नका,’ तो म्हणाला, अगदी शांतपणे. अनंतरावांनी गॅलरीत जाऊन कठड्यावरच्या गोधडीची घडी केली, काखेत घेतली आणि जिना उतरले. पुस्तकं तिथेच राहिली.

वाटेत ते दोनदा थांबले. समिती म्हणेल, बापलेकाचं भांडण आहे. म्हणेल, म्हातारा सुनेच्या सांगण्यावरून बोलतोय. नाहीतर दिवाच काढून टाकतील, आणि मग एखाद्या गावी पाठीवर वळ घेऊन बसलेल्या बाईला पुन्हा कोणी विचारेल, जिन्यावरून पडलीस का? आणि ओवी मोठी झाल्यावर विचारेल, माझ्या बाबांबद्दल हे कुणी लिहिलं? यातल्या कशाचंही उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं. फक्त एकाच प्रश्नाचं उत्तर होतं आणि ते लिफाफ्यात होतं.

पोस्टात रांग होती. खिडकीमागच्या तरुण मुलीनं लिफाफा तोलला, तिकीट लावलं आणि उलटा करून पाहिला.

‘आजोबा, मागं तुमचा पत्ता राहिला. पोचलं नाही तर परत कुठं पाठवायचं?’

अनंतरावांनी पेन घेतलं. हात आपोआप जुन्या सवयीनं घराचा पत्ता लिहायला गेला आणि थबकला. मागे कोणीतरी खाकरलं. त्यांनी गोधडी दुसऱ्या काखेत घेतली आणि सावकाश, ठळक अक्षरात लिहिलं : महिला आधार केंद्र, जनावरांचा जुना दवाखाना.

मुलीनं लिफाफा पुढून बघितला, मागून बघितला. ‘अहो, घेणाऱ्याचा आणि पाठवणाऱ्याचा पत्ता एकच झाला की!’

‘असू दे,’ अनंतराव म्हणाले. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतका त्यांचा आवाज मोठा झाला होता. ‘कसंही गेलं तरी ते तिथेच पोचलं पाहिजे.’

मुलीनं खांदे उडवले, शिक्का शाईत बुडवला आणि लिफाफ्यावर मारला.